अठरा तासांचा दिवस

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून एकदम मुद्द्यावर येतो. (असं लिहून पुढे दोन पानं नमन करायची माझी खोड जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. तरी बघू या.)

गेल्या महिन्यात नात्यात एक साखरपुडा होता. जेवणं उरकली, मंडळी पानसुपारीला बसली आणि आमचा एक पुतण्या शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याला ठाऊक आहे की काकांकडे फिंच आहेत. मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, बघा, माझी बर्ड रूम."

बघितली. गच्चीवरची पत्र्याची खोली, भिंतीला लागून तीन मजली पिंजरे, प्रत्येक पिंजर्‍यात झेब्रा फिंचची जोडी आणि टांगलेली मटकी. आणि सगळ्या पिंजर्‍यांच्या कडांना एलईडीच्या पट्ट्या! गणपतीच्या मखराला लावतो ना, त्या. क्षणात पांढर्‍या, क्षणात जांभळ्या. त्या उजेडात ते चिमणीहूनही लहान जीव इकडून तिकडे उड्या मारत होते.

"दिवे किती वेळ चालू असतात रे?"

"पहाटे पाच ते रात्री अकरा. अठरा तास. त्याशिवाय रिझल्ट नाही येत काका. पिल्लांवर पिल्लं निघतायत!"

"आणि माद्या? त्या टिकतात का?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "जाते एखाद-दुसरी. नवीन आणतो."

आता साखरपुड्याच्या मांडवात मी काय बोलणार? मठ्ठा प्यायलो आणि घरी आलो. पण ते 'नवीन आणतो' काही डोक्यातून जाईना. आमच्या घरातलं माणूस म्हणालं, "झोप येत नसेल तर लिहून काढा." म्हणून हे लिहितो आहे. पुतण्या हे पान वाचतो, त्याची आई वाचते, त्याचा सासराही वाचतो. वाचू द्या. नाव मी घेतलेलं नाही, पण माझं म्हणणं मी मऊ करणार नाही.

आधी माझ्याच कानाला चिमटा. मी काही जन्मजात शहाणा नव्हे.

आमच्याकडे फिंच आले ते नातीमुळे. दहावी झाल्याचं बक्षीस म्हणून तिला एक जोडी हवी होती. दोन वर्षांनी ती वसतिगृहात गेली आणि पक्षी माझ्या गळ्यात. मी ज्या खोलीत शिकवण्या घ्यायचो त्या खोलीत पिंजरा आला. तीच माझी वाचायची, लिहायची, संगणकाची खोली. म्हातारपणी झोप कमी. पहाटे साडेपाचला उठून मी दिवा लावायचो, चहा घेऊन तिथेच बसायचो, आणि रात्री अकरा-साडेअकराला वाचन संपलं की बटण दाबून झोपायला जायचो. म्हणजे पुतण्या आज हिशोब करून जे करतो आहे ते मी तेव्हा न कळत करत होतो. सतरा-अठरा तासांचा दिवस.

मादी अंडी घालत राहिली. पिल्लं उडायला लागायच्या आत पुढची अंडी. आम्हाला कोण कौतुक! शेजारीपाजारी बघायला यायचे. त्या जानेवारीत एका सकाळी ती पिंजर्‍याच्या तळाशी बसलेली दिसली, पिसं फुलवलेली, शेपूट खालीवर होत असलेली. अंडं अडलं होतं. हातात घेतली तर शेवरीच्या कापसाची गुंडी घेतल्यासारखं वाटलं, बारा ग्रॅम वजन जेमतेम. गरम पाण्याच्या पिशवीजवळ धरली, दवाखाना उघडायची वाट पाहिली. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर माझ्या तळहातावर ती गेली होती.

डॉक्टर तरुण होते. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "सर, खोलीतला दिवा किती वाजता मालवता?"

मला वाटलं होतं, ते खाण्याबद्दल विचारतील. थंडीबद्दल विचारतील. दिव्याचा काय संबंध? मी भूगोल शिकवलेला माणूस. ऋतू कशाने होतात, दिवस लहानमोठा का होतो, हे नारिंग आणि मेणबत्ती घेऊन वर्गात दाखवण्यात हयात गेली. आणि माझ्याच खोलीत मी बारा महिने उन्हाळा करून ठेवला होता, तोही नॉर्वेतला!

तर संबंध असा आहे.

पक्ष्याच्या अंगात कॅलेंडर असतं आणि त्या कॅलेंडरची पानं उजेड उलटतो. कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने १९२४ च्या हिवाळ्यात जुंको नावाचे छोटे पक्षी उघड्यावरच्या पिंजर्‍यात ठेवले, गोठवणार्‍या थंडीत, आणि विजेचा दिवा लावून त्यांचा दिवस थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर बर्फ, पण पक्ष्यांची जननेंद्रियं वसंत ऋतूत वाढतात तशी वाढली. थंडीने नव्हे, उजेडाच्या तासांनी ठरवलं. पुढे १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं की हा उजेड पक्ष्याला डोळ्यांनीच कळतो असंही नाही. कवटीतून मेंदूपर्यंत जो पोचतो, त्यावरूनही शरीर दिवस मोजतं. आपण खोलीत दिवा लावतो तेव्हा आपल्याला फक्त दिसायला लागतं. पक्ष्याला मात्र आपण तारीख सांगत असतो.

आता झेब्रा फिंच हा प्राणी जुंकोइतका दिवसाच्या लांबीवर चालणारा नाही, हे मान्य. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. तिथे पाऊस कधी येईल याचा नेम नाही, म्हणून पाऊस पडला, गवताला बी धरलं, की हे घरटं करतात. पण म्हणूनच तर पिंजर्‍यात त्याचा घात होतो! राळं आणि बाजरी वाटीत रोज भरलेली, पाणी रोज ताजं, मटकी टांगलेली, आणि वर न मावळणारा सूर्य. त्याच्या हिशोबाने सुगी संपतच नाही. थांबायचं कुणी सांगायचं त्याला? बाकी सगळं आपण भरपूर देतोच, थांबायची खूण म्हणून एकच गोष्ट आपल्या हातात उरते. रात्र.

पुतण्याने त्या दिवशी आणखी एक शेरा मारला होता. "काका, हे ऑस्ट्रेलियातले आहेत, त्यांना उन्हाची सवय असते." बाळा, तुझ्या शाळेत भूगोल कुणी शिकवला रे? ऑस्ट्रेलियात ऊन कडक असतं, लांब नसतं. खंडाच्या मधोमध अ‍ॅलिस स्प्रिंग्ज आहे, मकरवृत्ताला लागून. तिथला वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा पावणेचौदा तासांच्या आत संपतो. आपल्या पुण्यात २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान अकरा तासांचा. अठरा तासांचा दिवस हवा असेल तर ओस्लो नाहीतर स्टॉकहोमला जावं लागेल, आणि तिथे तो जूनच्या आगेमागे काही आठवडेच असतो. तुझ्या गच्चीवर तो तीनशे पासष्ट दिवस आहे.

हे अठरा तासांचं खूळ आलं कुठून, तेही मी शोधलं. आलं ते पोल्ट्रीतून. अंड्याच्या कोंबड्यांना सोळा तास उजेड देतात, हे खरं आहे. पण पोल्ट्रीवाला त्या कोंबडीचं पुढे काय करतो? साधारण दीड वर्षाची झाली, अंडी कमी झाली, की ती मोडीत. त्याचा धंदा तसा आहे, तो तसं सांगतोही. तू 'पक्षिप्रेमी' म्हणवतोस. दोन्ही कसं चालेल? झेब्रा फिंचची मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते, एकेक अंडं साधारण एका ग्रॅमचं. पाच धरली तरी तिच्या वजनाच्या चाळीस टक्के. कवचाचा चुना येतो रक्तातून आणि हाडांतून. समुद्रफेसाची कांडी पिंजर्‍याला अडकवली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नाही. भरपाईला दिवसही लागतात. वर्षातून दोन-तीन वेळा पिल्लं झाली, पुरे झालं. मग मटकी काढायची, दिवस आखडायचा, नर-मादी वेगळे करायचे. वर्षात सहा-सात वेळा वेत काढून 'जाते एखाद-दुसरी' म्हणणं याला पाळणं म्हणत नाहीत. मी काय म्हणतो ते इथे लिहिलं तर वहिनी रागावतील.

आता दुसरी गोष्ट, तुझ्या पट्ट्यांची.

माझं एलईडीशी वैर नाही. उलट मीही खोलीत एलईडीच लावली आहे. आधी तांब्याच्या चोकच्या दोन ट्यूब होत्या, चोक धरून शंभर वॅट. बारा तासांना १.२ युनिट. आता वीस-वीस वॅटच्या दोन बॅटन, बारा तासांना अर्ध्या युनिटहून कमी. निळी एलईडी शोधणार्‍या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं ते उगाच नाही. पण एलईडी आणि एलईडीत फरक आहे, आणि तो आपल्या डोळ्याला दिसत नाही. गंमत तिथेच आहे.

आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज, मंद-तेज. जुन्या बल्बची तार तापलेली राहायची, त्यामुळे तो फार हलायचा नाही. चोकची ट्यूब मात्र लुकलुकते. (जुन्या कारखान्यांत ट्यूबखाली फिरतं लेथ कधी कधी थांबल्यासारखं भासायचं आणि माणसं हात घालायची. म्हणून लेथवर साधा बल्ब असायचा.) स्वस्तातल्या एलईडीत आतला ड्रायव्हर नावापुरता असतो, उजेड सलग ठेवणारा कपॅसिटर गाळलेला असतो. ती ट्यूबहून वाईट लुकलुकते. माणसाला साधारण पन्नास-साठच्या पुढचं लुकलुकणं सलग वाटतं, म्हणून आपण म्हणतो, वा, काय स्वच्छ प्रकाश आहे! २०१६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी छोट्या पक्ष्यांची नजर तपासली, ब्लू टिट आणि फ्लायकॅचर. त्यांना सेकंदाला १३०-१४० वेळा होणारं लुकलुकणंही वेगळं दिसत होतं. हे पक्षी फिंच नव्हेत, पण अंगाने आणि चपळाईने त्याच माळेतले. जो उजेड आपल्याला शांत वाटतो तो त्यांना बिघडलेल्या ट्यूबसारखा फडफडताना दिसत असेल, अशी शंका तरी घ्यायला नको? बिघडलेली ट्यूब आपण घरात एक संध्याकाळ सहन करत नाही. वायरमनला फोन करतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. दिव्याखाली पेन्सिल धरून पंख्यासारखी जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा बरा. अनेक सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा स्वयंपाकघरात लावा, पक्ष्यांकडे नको. मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर रोखला आणि पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसले, तरी तेच. मी दुकानात पेन्सिल घेऊन गेलो होतो. दुकानदार आधी हसला, मग त्याने स्वतःच हलवून बघितली, आणि पहिल्या तीन बॅटन मुकाट्याने परत खोक्यात घातल्या. चौथी घेतली. मंद करायचे स्वस्त डिमरही असाच खेळ करतात बरं का. उजेड कमी न करता तो नुसता भराभर तोडतात. तेही पेन्सिलीने बघावं.

आणि खोक्यावर लिहिलेलं 'फुल स्पेक्ट्रम'! या दोन शब्दांनी जितके लोक फसले असतील तितके क्वचितच कशाने फसले असतील. पांढरी एलईडी म्हणजे आत निळी एलईडी आणि वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. दोन्ही मिळून आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं. आपल्या डोळ्याला! आपल्याकडे रंग ओळखणार्‍या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांकडे चार. चौथी अतिनील किरण बघते. झेब्रा फिंचची ही पेशी ३६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असते, आणि साध्या पांढर्‍या एलईडीत ४०० च्या खाली जवळजवळ काहीच नसतं. १९९६ साली ब्रिस्टल विद्यापीठात केलेल्या प्रयोगात माद्यांनी अतिनील किरण जाऊ देणार्‍या काचेमागचे नर पसंत केले, अडवणार्‍या काचेमागचे नाकारले. नर तेच, फरक काचेचा. म्हणजे आपल्या झगझगीत खोलीत त्यांना एकमेकांचे चेहरे एक रंग गाळून दिसतात. आपण म्हणायचं, बघा कसे रंग खुललेत!

मग अतिनील दिवा आणावा का? मी आणलेला नाही. सरडे-कासवांसाठीचे तीव्र दिवे काही जण पिंजर्‍याला खेटून लावतात, ते तर अजिबात करू नये, डोळे जातील. माझ्याकडे पूर्वेची खिडकी आहे. सकाळी तासभर काच उघडतो, जाळी लावलेली आहेच. बंद काचेतून ऊन आलं तरी ड जीवनसत्त्वाला लागणारे किरण काचेतच अडतात, म्हणून उघडायची. अर्धा पिंजरा सावलीत राहील असं बघायचं, म्हणजे नको असेल तो बाजूला जाईल. ज्याच्याकडे खिडकी नाही त्याने चांगला पक्ष्यांसाठीचा दिवा जरूर घ्यावा, पण माहितीपत्रक वाचून, खोक्यावरचे दोन शब्द वाचून नव्हे. पत्र्याच्या खोलीला खिडकी पाडणं अवघड नाही. गवंडी मी देतो.

पण उजेडाचं हे सगळं मला दुय्यम वाटतं. बिघडलेला उजेड निदान संध्याकाळी संपतो. संपत नसेल तर काय?

झोपेबद्दल एक गोष्ट वाचली आणि मी शिक्षक असल्यामुळे फारच भावली. झेब्रा फिंचचा नर गाणं बापाकडून शिकतो. पोर लहानपणी ऐकतं, मग बडबडगाण्यासारखं काहीतरी पुटपुटतं, आणि तीनेक महिन्यांत त्याचं गाणं पक्कं होतं. २००० साली शिकागोतल्या संशोधकांनी दाखवलं की झोपलेल्या फिंचच्या मेंदूत दिवसा गाताना ज्या पेशी ज्या क्रमाने चेततात त्याच क्रमाने रात्रीही चेततात. पक्षी झोपेत घोकतो! पुढे २००५ साली असंही दिसलं की शिकाऊ पोराचं गाणं रात्रीच्या झोपेनंतर सकाळी जरा विस्कटलेलं असतं, दिवसभरात सावरतं, आणि ज्यांचं सकाळी जास्त विस्कटतं तेच शेवटी बापासारखं चांगलं गातात. आता माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे चेहरे मला आठवले, पण तो विषय वेगळा. मुद्दा असा की रात्र हा त्यांच्या शाळेचा तास आहे. रात्री अकरापर्यंत जांभळी पट्टी चालू ठेवणं म्हणजे तो तास बुडवणं. तुझे नर चिरचिर करतात, गात नाहीत, अशी तुझी तक्रार होती ना?

"अंधारात घाबरतात हो, म्हणून झिरोचा बल्ब लावतो." हे एका ब्लॉगर मित्राने मला लिहिलं होतं. यात तथ्य आहे, नाही असं नाही. मांजर आलं, फटाका वाजला, की गच्च अंधारात पक्षी उधळतात, जाळीवर आपटतात, आणि परत काठी सापडत नाही. तेव्हा अगदी मिणमिणता, दूर कोपर्‍यात, अक्षर वाचता येणार नाही इतका दिवा असायला माझी हरकत नाही. पण लोक लावतात तो निळा, डोक्यावर, पिंजर्‍याला टेकून. तो दिवा त्यांच्यासाठी नसतो, आपल्याला दारातून बघायला बरं वाटतं म्हणून असतो. थंडीत साठचा बल्ब रात्रभर ऊब म्हणून ठेवायचे, तीही अशीच चूक. एलईडी आल्यावर ती चूक दुप्पट हास्यास्पद झाली, कारण नऊ वॅटच्या एलईडीत उजेड तेवढाच आणि ऊब काही नाही. तरी माणसं लावतात! उबेसाठी तीन बाजूंनी गोणपाट बांधा, फार थंडी असेल तर उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो. ऊब वेगळी, उजेड वेगळा.

दिवा मालवायचा कसा, हेही शिकावं लागलं. डॉक्टरांचं ऐकून मी शहाण्यासारखा साडेसहाला बटण बंद करायला लागलो. खटकन अंधार. एका संध्याकाळी नव्या जोडीतली मादी पाणी प्यायला बाहेर आली होती. अंधारात तिला मटकी सापडली नाही, आणि नरही बाहेरच होता. सकाळी चारही पिल्लं गार. म्हणजे आधी उजेडाने मारलं, मग अंधाराने. सूर्य कधी बटण दाबून मावळतो का, हा प्रश्न पाचवीतल्या पोराने मला विचारायला हवा होता.

तेव्हापासूनची व्यवस्था अशी. छताला दोन बॅटन, उजेड वरून येतो, बाजूने नाही. मटकी सावलीच्या कोपर्‍यात. संध्याकाळी आधी एक बॅटन बंद होते, पंधरा मिनिटांनी दुसरी, आणि मग खिडकीजवळची पिवळट छोटी पट्टी आणखी वीस मिनिटं. तेवढ्यात सगळे आपापल्या जागी बसतात, जरा ढकलाढकली होते, मग गप्प. हिवाळ्यात अकरा तास, पिल्लं काढायच्या दिवसांत तेरा, त्यापुढे नाही. एकदम वाढवायचे नाहीत, आठवड्याला पंधरा मिनिटं. सगळं टायमरवर. टायमरबद्दल एक सांगतो, कारण मी फसलो आहे. चक्री फिरणारा साधा टायमर घेऊ नका. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेवढा वेळ चक्रीही थांबते, आणि महिनाभरात पक्ष्यांची संध्याकाळ मध्यरात्रीकडे सरकते. आत सेल असलेला डिजिटल घ्या. थोडा महाग पडतो.

आणि माझं टेबल? ते बैठकीच्या खोलीत गेलं. शिकवणीची खोली साडेसहानंतर मला बंद. आमच्या घरातल्या माणसाची मालिका आणि माझं वाचन यांचं आता एकाच खोलीत रोज युद्ध होतं. ते मला चालतं.

कुणी म्हणेल, एवढी काळजी तर पिंजर्‍यात ठेवताच कशाला? बरोबर आहे, या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. झेब्रा फिंच कित्येक पिढ्या पिंजर्‍यातच जन्मत आले आहेत, सोडून दिले तर इथे चार दिवस जगायचे नाहीत, एवढंच म्हणता येईल. (आपल्या रानातली लाल मुनिया किंवा ठिपकेवाली मनोली धरून पाळणं हा मात्र सरळ गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. ती कुणी 'स्वस्तात' देऊ केली तर घेऊ नका.) पण जे जन्मभर आपल्याच खोलीत राहणार, त्यांचा सूर्यही आपणच असणार. त्यांना बटण दाबता येत नाही.

आता पुतण्यासाठी. दिवाळीला तुला माझ्याकडचे तीन गाणारे नर हवे आहेत, असं तू आईकरवी कळवलं आहेस. नर तयार आहेत. देईन, पैसे नकोत. आधी मी एका संध्याकाळी तुझ्याकडे येणार, साडेसहाला, आणि आठपर्यंत गच्चीवर बसणार. पट्ट्या काढलेल्या असल्या पाहिजेत. पेन्सिल मी माझी घेऊन येतो. वहिनींनी मध्ये पडू नये, फक्त चहा ठेवावा, बिनसाखरेचा.